पिशवी काकूंच्याच हातात

केशवराव उमरीकरांनी माझ्या हातातलं हरभऱ्याच्या डाळीचं पाकीट भर रस्त्यात कात्रीने कापलं, तेव्हा आमची साधी ओळखसुद्धा झालेली नव्हती. हैदराबादेत दिलसुखनगरच्या बस स्टॉपवरून मी घरी चालले होते. एका हातात तपासायच्या वह्या, दुसऱ्या हातात ते पाकीट. समोरून एक उंच, वाळलेले, पांढरा लेंगा घातलेले गृहस्थ आले, थांबले आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे असे बघायला लागले, की जणू मी कुणाचं तरी तान्हं पोर उलटं धरून चालले आहे.

"बाई, परवानगी आहे?" त्यांनी विचारलं.

कसली परवानगी, ते मला कळलं नाही. पण शाळेत दिवसभर पोरं 'बाई, पाणी पिऊन येऊ का', 'बाई, बाहेर जाऊ का' असं विचारत असतात, त्यामुळे आधी मान हलवायची आणि मग विचार करायचा, ही माझी सवय. मी मान हलवली. त्यांच्या एका खिशातून लहानशी कात्री निघाली, दुसऱ्या खिशातून मांजरपाटाची पांढरी पिशवी निघाली, पाकिटाचा कोपरा उडाला आणि एकही दाणा खाली न पडता माझी डाळ त्या पिशवीत गेली. नाडी ओढून त्यांनी गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात दिली. रिकाम्या प्लॅस्टिकची नीट घडी करून ती स्वतःच्या खिशात ठेवली.

"गुदमरली होती हो," ते म्हणाले. "जीव आहे तिच्यात. पिशवी धुऊन, वाळवून आणून द्या. मागच्या गल्लीत, कडुलिंबाजवळचं घर. माझ्याजवळ द्यायची नाही. काकूंच्याच हातात द्यायची."

एवढं बोलून ते निघून गेले. घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं, की कॉलनीत एक वेडा माणूस आलाय. हे म्हणाले, तो आपल्या आधीपासून आहे, तुलाच आज सापडला.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दिल्लीत अर्थव्यवस्था खुली झाली म्हणून पेपरात रोज अग्रलेख येत होते. आमच्या कॉलनीत मात्र तिचा परिणाम असा झाला, की एकेक जिन्नस बंद व्हायला लागला. आधी साखर पाकिटात गेली, मग रवा, मग मोहरीसुद्धा. पूर्वी कोपऱ्यावरचा किराणावाला कागदाच्या पुड्या बांधून द्यायचा, तो आता सगळं चकचकीत प्लॅस्टिकमधून द्यायला लागला आणि वर 'कव्हर होना क्या?' असंही विचारायला लागला. हैदराबादेत प्लॅस्टिकच्या पिशवीला कव्हर म्हणतात. आम्हां बायकांना ते सगळं आवडत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? निवडायचं नाही, पाखडायचं नाही, कोपरा कापला की डब्यात. उमरीकर काकांना मात्र त्याचा मनापासून संताप होता.

काका सरकारच्या बियाणे खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. ज्वारीचं, तुरीचं, करडईचं बी कापडी पिशव्यांत भरून घ्यायचं, तोंड शिवून घ्यायचं, चिठ्ठी लावायची आणि वर शिशाचं सील दाबायचं. बी जिवंत असतं, त्याला हवा लागते, हे त्यांना खात्याने शिकवलं आणि मग ते जे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. बियाण्यावरून ते डाळीवर आले, डाळीवरून साबुदाण्यावर. आमच्या ह्यांनी एकदा मुद्दाम कळ काढली. म्हणाले, काका, डाळ तर भरडलेली असते, तिच्यात कसला आलाय जीव? काकांनी ह्यांच्याकडे फार दयेने पाहिलं आणि म्हणाले, "भरडली म्हणून काय लगेच जाते का? वेळ लागतो." त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात वरण वाढताना कुणी ना कुणी तरी दोन मिनिटं शांतता पाळायचं.

पण नुसता संताप करून बसणारा हा माणूस नव्हता. त्यांनी कॉलनीत एक योजना चालवली होती. दर गुरुवारी सकाळी ते बसने बेगम बाजारात जायचे. तिथे अजून पोती उघडी असायची, हात घालून डाळ बघता यायची. दोन-तीन घरांचं महिन्याचं सामान एका खेपेला, असं करत ते दहा-अकरा घरांना पुरवायचे. ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या कापडी पिशवीत, दारात आणून. फायदा म्हणाल तर एका पैशाचा नाही. तुम्ही फक्त पिशवी परत करायची. कशी, त्याचे मात्र नियम होते आणि ते खात्याच्या नियमांपेक्षा कडक होते. पिशवी धुवायची, सावलीत वाळवायची, आठ दिवसांच्या आत घरी आणून द्यायची आणि काकूंच्याच हातात द्यायची.

पिशव्या काकूंनीच, म्हणजे काकांच्या बायकोनेच शिवलेल्या. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक घराच्या पिशवीला त्यांनी जुन्या लुगड्याचा वेगळा तुकडा लावला होता. आमच्या पिशवीला हिरवी किनार, समोरच्या सुगुणम्माच्या पिशवीला जांभळी चौकडी. काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, तुकडे मात्र पक्के राहत. त्यामुळे मी त्यांच्या लेखी हिरवी किनार. आमचे हे हिरव्या किनारीचे मिस्टर. एकदा नव्या पोस्टमनने त्यांना आमचं आडनाव विचारलं, तर या नावाचं कुणी या गल्लीत राहत नाही असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि माझ्या मामेसासऱ्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका परत गेली. मामेसासरे अजून आमच्याशी बोलत नाहीत.

काकूंच्याच हातात, या अटीपायी तर लोकांनी फार सोसलं. आमचे हे एकदा ऑफिसला जाता जाता बस स्टॉपवर त्यांना पिशवी द्यायला गेले. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हे ज्या बाजूला जातील त्याच्या उलट्या बाजूला तोंड फिरवत राहिले. दोन कर्ते पुरुष एकमेकांभोवती गोल फिरताहेत आणि अख्खा बस स्टॉप बघतोय. तेवढ्यात ह्यांची बस निघून गेली. दुसऱ्या एकाने पिशवी त्यांच्या फाटकाला अडकवली आणि तो सटकला, तर संध्याकाळी ती पिशवी त्याच्या फाटकाला अडकवलेली सापडली. असं चार दिवस चाललं. शेवटी त्याची बायको गेली आणि काकूंच्या हातात देऊन आली.

मी पहिल्यांदा गेले ती चिडूनच. हिरव्या किनारीचं वगैरे तेव्हा काही नव्हतं, रस्त्यात मिळालेली ती साधीच पिशवी होती. पण कुणाची वस्तू रिकामी कशी परत करायची? आमच्या उदगीरच्या घरात ते कधी झालं नाही. मूठभर शेंगदाणे घातले आणि निघाले. पुढे मला कळलं की सगळ्याच घरांत तेच चालायचं. कुणी चार लिंबं घालायचं, कुणी कढीपत्ता, कुणी गूळ. काकूंकडे त्यामुळे कधी नुसता कढीपत्ताच कढीपत्ता व्हायचा आणि मग तो पुढच्या पिशवीवाल्या बाईच्या पदरात पडायचा.

काकू अगदी लहानखुऱ्या, नऊवारीतल्या. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, त्याच्याजवळ त्यांची खुर्ची. पिशवी घ्यायच्या, नाकाशी नेऊन वास घ्यायच्या, मांडीवर घेऊन तिहेरी घडी घालायच्या आणि मग म्हणायच्या, "बसा की. कुठं चाललाव लगेच?" तिथून सुटका नसायची. चहा, चहाबरोबर काहीतरी खायचं, आमच्या शाळेची चौकशी, माझ्या सासूबाईंच्या दम्याची चौकशी. त्या शालीबंड्याच्या गप्पा सांगायच्या. आयुष्याची तीस वर्षं दोघांनी तिकडे जुन्या शहरात काढली होती, काका रिटायर झाल्यावर काही महिन्यांनी दोघं इकडच्या नव्या घरात राहायला आली. एक पिशवी परत करायला माझी चाळीस-चाळीस मिनिटं जायची आणि परत येताना मी घड्याळाकडे बघत चरफडायची. सुगुणम्मा तर तासभर बसायची. तिला मराठी येत नव्हतं, काकूंना तेलुगू येत नव्हतं, दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायच्या आणि तरी त्यांचं बोलणं संपायचं नाही. काकू फाटकाबाहेर कधी दिसत नाहीत, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं. वर्गात शेवटच्या बाकावरचा पोरगा काय करतो ते मला फळ्याकडे तोंड असताना कळायचं म्हणे.

मग मेन रोडवर ते एसीचं मोठं दुकान उघडलं. आत शिरलं की थंडगार. आपली आपण टोपली घ्यायची आणि हवं ते उचलायचं, कुणी विचारणार नाही. साखरेच्या पाकिटाबरोबर स्टीलचा चमचा फुकट. त्या चमच्याने आमच्या कॉलनीची पार दाणादाण उडवली. ज्यांच्या घरी लग्नात आलेले सहा डझन चमचे माळ्यावर पडले होते, त्यासुद्धा चमच्यासाठी रांगेत. काकांकडे यादी द्यायची घरं अकराची आठ झाली, आठाची पाच.

काका गप्प बसणार नव्हतेच. एके दिवशी ते पिशवी घेऊन त्या दुकानात गेले आणि मोहरी पिशवीत घाला म्हणाले. मी नेमकी तिथेच होते, तोंड लपवून साबणाच्या कपाटाआड उभी. तिथला मॅनेजर तरुण तेलुगू पोरगा, फार अदबीने वागणारा. त्याने सांगितलं, अंकल, लूज नहीं है. काका म्हणाले, "लूज नहीं तो तुम लोगां राई कू जेल में कायकू डाले?"  मग काकांनी रीतसर पाकीट घेतलं, पैसे दिले आणि काउंटरवरच कात्री काढली. रिकामं प्लॅस्टिक कॅशियरच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "ये तुमारा कव्हर. तुमीच रख लेव."

इथपर्यंत सगळं शोभून दिसत होतं. पण ते कव्हर ठेवायच्या नादात पिशवीची नाडी ओढायची राहिली, पिशवी कलंडली आणि अर्धा किलो मोहरी त्या गुळगुळीत फरशीवर पसरली. मॅनेजर धावत आला तो थेट चॉकलेटांच्या मांडणीपर्यंत घसरत गेला. सुदैवाने त्याला काही लागलं नाही. काका मात्र खाली बसले आणि एकेक दाणा वेचायला लागले. दुकानातली पोरं झाडू घेऊन आली, तर त्यांनी हातानेच नक्को म्हणून थोपवलं. शेवटी मला साबणाआडून बाहेर यावं लागलं. आम्ही दोघांनी तासभर मोहरी वेचली. मॅनेजरही मांडी घालून आमच्यात बसला आणि वेचता वेचता, आमच्या आजीचं पण असंच होतं म्हणाला. काकांनी त्या दिवशी मला एकच गोष्ट विचारली. तुम्ही इथं कशाला आला होतात? मी साबण म्हणाले. माझ्या टोपलीत दोन किलो तुरीच्या डाळीचं पाकीट होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

तर आता कबूल करायला हरकत नाही. मीही फुटले होते. पेपर तपासायचे दिवस होते, घरी सासूबाई आजारी. गुरुवारची वाट बघा, यादी द्या, पिशवी धुवा, वाळवा आणि मग तिकडे जाऊन चाळीस मिनिटं बसा, हे सगळं मला नको झालं होतं. काकांनी यादी मागितली की मी म्हणायची, या महिन्यात अजून शिल्लक आहे. आमची हिरवी किनार स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकत होती. जाता-येता तिच्याकडे बघितलं की उगाच अपराधी वाटायचं, म्हणून मी तिच्यावर एप्रन अडकवून ठेवला.

एका रविवारी सकाळी काका आले. हे भाजी आणायला गेले होते. काका खुर्चीच्या टोकावर बसले, पाणी प्यायले. मी आधीच तयारी करून ठेवली होती, काय काय कारणं सांगायची त्याची. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते फार हळू बोलले.

"बाई, डाळ कुठूनही आणा. त्या दुकानातून आणा, प्लॅस्टिकमधली आणा. माझं काही म्हणणं नाही. पण पिशवी तेवढी महिन्यातून एकदा काकूंना आणून देत जा."

मला काही कळेना. मी म्हटलं, काका, पिशवीत काही भरलंच नाही तर ती परत कशाला करायची?

तेव्हा त्यांनी सांगितलं. नव्या घरात राहायला आले त्याच आठवड्यात काकू ज्वारी दळून आणायला दोन गल्ल्या पलीकडच्या चक्कीवर गेल्या. परत येताना घर सापडेना. सगळी घरं नवी, सगळ्यांचं फाटक एका नमुन्याचं, सगळ्यांना एकच पिवळा रंग. तीन-चार बायकांना त्यांनी विचारलं, त्या तेलुगूत काय म्हणाल्या ते काकूंना समजेना. शालीबंड्यात ज्या बाईला येणारे-जाणारे लोक पत्ता विचारायचे, तिला स्वतःचं घर कुणाला सांगता येईना. काकांना त्या सापडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर पिठाचा डबा मांडीत घेऊन बसल्या होत्या. काकांना बघून रडल्या नाहीत की काही नाही. घरी आल्या, भाकरी टाकल्या आणि त्यानंतर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही.

"गुडघा दुखतो म्हणते," काका म्हणाले. "गुडघ्याला काही झालेलं नाही. ती जात नाही, मग कुणी तरी यायला पाहिजे ना? सुरुवातीला दोन-तीन महिने गॅसवाल्याशिवाय आमच्या दाराशी कुणी आलं नाही. या म्हटलं तर लोक हो हो म्हणतात आणि येत नाहीत. पण दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घ्यायची माणसाला लाज वाटते. तेवढ्या लाजेवर मी हे सगळं उभं केलं."

मी म्हटलं, म्हणजे ते डाळ गुदमरते वगैरे सगळं…

"ते खरंच आहे," काका एकदम ताठ बसले. "डाळ गुदमरतेच. शंभर टक्के गुदमरते. पण आता गुदमरू दे." मग म्हणाले, "पिशवी यायची असते त्या दिवशी ती सकाळीच केस विंचरून, अंबाडा घालून बसते. मागच्या महिन्यात चारदाच घातला."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या चाळीस मिनिटांसाठी मी चरफडत होते, त्यांच्यासाठी तिकडे एक बाई सकाळपासून तयार होऊन बसत होती. काका गेल्यावर मी एप्रन काढला, पिशवी खाली उतरवली, तिच्यात मूठभर शेंगदाणे घातले आणि तशीच निघाले. वाटेत सुगुणम्माला सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे डोळ्यांना पदर लावला आणि पदर बाजूला करता करता बाकीच्या बायकांची नावं मोजायला लागली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी सगळ्या घरांत जाऊन वार वाटून दिले. एकाच दिवशी चौघी जायच्या नाहीत. मंगळवार माझा, शुक्रवार सुगुणम्माचा. डाळ कुठून आणायची ती आणा, पिशवी मात्र काकूंच्याच हातात.

कॉलनीने हे काम इतकं मन लावून केलं की बघत राहावं. चमच्यासाठी रांग लावणाऱ्या बायका आता वार चुकू नये म्हणून एकमेकींना आठवण करायच्या. काका पुन्हा ताठ चालायला लागले. गुरुवारी बेगम बाजारात जायचे, ज्या चार-पाच घरांचं असेल त्यांचं सामान आणायचे आणि बाकीच्यांच्या रिकाम्या पिशव्या हळूच घरपोच करायचे. रस्त्यात भेटले की मला हळूच सांगायचे, कालपण घातला होता, परवापण. मी मान हलवायची. आमचे हे म्हणाले, तुम्ही सगळ्या मिळून त्या बाईला फसवताय. मी म्हटलं, फसवतोय तर फसवतोय.

असे दोन-अडीच महिने गेले. एका मंगळवारी मी गेले तेव्हा काका दूध आणायला बाहेर पडले होते. काकूंनी पिशवी घेतली, शेंगदाणे वाटीत काढले, पिशवीचा वास घेतला आणि मग ती माझ्यासमोर मशीनवर पसरली.

"बाई, ह्या पिशवीत दोन महिने काही भरलेलं नाही," त्या अगदी सहज म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही कसं, तूर भरली होती की.

"घडी मोडलेली नाही. मी घातलेली तिहेरी घडी तशीच आहे. तुम्ही वर शेंगदाणे टाकता आणि घेऊन येता. मी घातलेलीच घडी परत घालती." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. सगळ्या पिशव्या ओळीने. "ही पण तशीच, ही पण. सुगुणम्मा तेवढी हुशार. थोडी हळद चोळून आणती."

वीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या. पकडल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक होतं, आतून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी विचारलं, काकू, मग आम्ही हे बंद करू का?

"नका, नका," त्या घाईने म्हणाल्या आणि माझा हातच धरला. "मला माणसं लागतात, खोटं कशाला बोलू? तुम्ही येता त्या दिवशी बरं वाटतं. पण ह्यांना काही कळू देऊ नका. रिटायर झाल्यावर, शालीबंड्यातच, हे सहा महिने खुर्चीत बसून होते. पेपर हातात, पण पान उलटायचे नाहीत. मला भीती वाटायची. मी चक्कीवरून हरवले ना, त्यानंतर हे उठले. माझं कसं करायचं म्हणून धावाधाव करायला लागले, पिशव्यांचं कापड काय आणलं, मला मशीन काय आणून दिलं. आता त्यांना वाटतं, त्यांनी मला सांभाळलं. वाटू दे की. बरे राहतात त्याने."

 फाटक वाजलं. काका दुधाची किटली घेऊन आत आले आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला. काकूंनी मशीनवरची पिशवी उचलली, मोठ्याने वास घेतला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तूर होती वाटतं. चांगली होती. धुऊनसुद्धा मळकीच राहिली पिशवी, आता चांगली भिजत घालावी लागती."

काकूंच्या पाठीमागून काकांनी मला डोळा मारला. आयुष्यात त्यांनी कुणाला डोळा मारला नसणार, कारण त्यांचे दोन्ही डोळे एकदम मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले. आपण किती छान जमवलंय, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आणि इकडे काकू ती स्वच्छ पांढरी पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या, मी आता काय म्हणते ते ऐकायला थांबल्या होत्या.

 मी दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, हो, तूरच होती, आणि काकूंना सांगितलं, आणखी एक चहा टाका, मला आज काही घाई नाही.